सफारीलँड ६३७८ एएलएस: ओपन कॅरीच्या भांडणात कंबरेला लावायचं होल्स्टर

टेक्ससमध्ये पिस्तूल उघडपणे कंबरेला लावून फिरायचं असेल, तर ते कशात ठेवावं याबद्दल कायद्याचं म्हणणं एवढंच: होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात, हवं. १ जानेवारी २०१६ ला ओपन कॅरी, म्हणजे पिस्तूल असं उघडं बाळगणं, सुरू झालं तेव्हा निदान ‘खांद्याचं किंवा पट्ट्याचं होल्स्टर’ असा शब्द होता. १ सप्टेंबर २०२१ पासून तेही विशेषण गळालं. त्यामुळे वेल्क्रोची पट्टी असलेली नायलॉनची स्वस्त पिशवीही कायद्याला चालते आणि पोलिसाच्या कंबरेवरचं दोन-दोन कुलपांचं होल्स्टरही चालतं. गन किती घट्ट धरून ठेवावी, कुणी ओढली तर किती टिकावी, याबद्दल कायदा गप्प आहे.

सफारीलँडचं ६३७८ हे या दोन टोकांच्या मधलं. कुलूप हवं पण पोलिसी सामानाचा बोजा नको, अशा गिऱ्हाइकासाठी बनवलेलं. कंपनी ते ‘कन्सीलमेंट’ म्हणजे झाकून बाळगण्याचं होल्स्टर म्हणून विकते. इथे परीक्षण आहे ते उघड्यावर वापरण्याच्या दृष्टीने, कारण मागणी त्यासाठी वाढते आहे. फ्लोरिडात ओपन कॅरीचं विधेयक वर्षानुवर्षे विधिमंडळात अडकत राहिलं आणि शेवटी सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने बंदीच घटनाबाह्य ठरवली. टेक्ससमध्ये जे वाद दहा वर्षांपूर्वी झाले, तेच आता तिकडे नव्याने चालू आहेत.

आधी वस्तू बघू. पिस्तुलाच्या स्लाइडला, म्हणजे वरच्या सरकणाऱ्या भागाला, उजव्या बाजूला एक खिडकी असते, जिथून गोळी झाडल्यावर रिकामी पुंगळी बाहेर उडते. एएलएसचं (‘ऑटोमॅटिक लॉकिंग सिस्टिम’, आपोआप लागणारं कुलूप) कुलूप त्या खिडकीत अडकतं. गन आत ढकलली की ‘खट्’ असा आवाज येतो आणि ती आपोआप अडकते. वेगळं बटण लावायचं नाही, पट्टी ओढायची नाही. काढताना हात मुठीवर नेहमीसारखा बसवला की अंगठा जिथे पडतो तिथेच, शरीराच्या बाजूला, एक छोटा लीव्हर असतो. तो अंगठ्याने मागे रेटायचा आणि गन सरळ वर काढायची. तर्जनी या सगळ्यात कुठेच कामाला येत नाही, ती होल्स्टरच्या बाहेरच्या अंगावर सरळ राहते. या होल्स्टरचा खरा गुण हाच. काही होल्स्टरमध्ये कुलपाचं बटण बाहेरच्या बाजूला, तर्जनीने दाबायचं असतं. घाईत माणूस बटणावरचा दाब सोडत नाही, गन वर येते, आणि दाबाने वाकलेलं तेच बोट थेट ट्रिगरवर उतरतं. कित्येक प्रशिक्षण शाळा तसलं होल्स्टर रेंजवर आणू देत नाहीत, ते उगाच नाही.

कवच थरांच्या प्लास्टिकचं, उष्णतेने साच्यात बसवलेलं, आतून स्वेडचं अस्तर. पॅडल आणि बेल्ट लूप दोन्ही डब्यात मिळतात; तीन स्क्रूंनी बदलता येतात आणि गन किती तिरकी ठेवायची तेही त्याच वेळी ठरवता येतं. गनवर दिवा नाही, रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम धरायचं भिंग) नाही, अशा गनसाठीचं साधं मॉडेल बहुतेक ठिकाणी शंभर डॉलरच्या आत येतं.

पॅडल डब्यातच ठेवा. पॅडल म्हणजे पॅन्टच्या आत सरकवायचं रुंद पान. पट्टा न सोडता होल्स्टर लावता-काढता येतं म्हणून लोकांना आवडतं. गाडीत बसताना, घरी आल्यावर गन हाताळायची गरज नाही, होल्स्टरसकट काढून तिजोरीत ठेवता येते, ही सोय खरीच मोठी आहे. पण उघड्यावर बाळगलेल्या गनला कुणी मागून हात घातला, तर गन कुलपात राहते आणि अख्खं पॅडल पॅन्टमधून वर यायला बघतं. पॅडलला खालून पट्ट्यात अडकणारे दात असतात, पण मऊ पट्ट्यावर त्यांना धरायला काही मिळत नाही. बेल्ट लूप लावला की पट्टा तुटल्याशिवाय होल्स्टर सुटत नाही. पट्टा दीड इंची, दुहेरी जाडीचा, आडवा धरला तर लोंबू नये असा. ऑफिसच्या पॅन्टचा पातळ चामड्याचा पट्टा घालून केलेली कुठलीही तक्रार होल्स्टरच्या खात्यात धरू नये.

आता ‘लेव्हल’, म्हणजे हिसकावणाऱ्यापुढे होल्स्टर किती टिकतं त्याची श्रेणी. ही श्रेणी बिल रॉजर्स या माजी एफबीआय एजंटच्या चाचणीतून आली. एएलएसही त्यांचीच कल्पना. चाचणी साधी आहे. गन होल्स्टरमध्ये, होल्स्टर पट्ट्यावर. समोरच्याने मूठ धरून पूर्ण ताकदीने कुठल्याही दिशेला पाच सेकंद ओढायचं. गन आत राहिली आणि होल्स्टर अंगावर राहिलं, तर लेव्हल १. मग पहिलं कुलूप उघडून पुन्हा पाच सेकंद. तरीही टिकलं तर लेव्हल २. असं पुढे. ६३७८ लेव्हल १ आहे. कुलूप एक, ते उघडलं की गन मोकळी. बाजारात ‘लेव्हल २’ असं छापलेली भरपूर होल्स्टर मिळतात. त्यातल्या अनेकांचा हिशोब कंपनीने आपल्या मनाने केलेला असतो, घर्षण ही एक लेव्हल आणि बटण ही दुसरी. आकडा बघून दोन कंपन्यांची तुलना करू नका.

ही चाचणी घरी करता येते. मॅगझिन काढा, चेंबर (नळीत गोळी बसते ती जागा) डोळ्याने आणि बोटाने दोनदा तपासा, जिवंत काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, दार लावा. निळ्या प्लास्टिकची नकली गन बेल्ट लूपची ताकद बघायला पुरते, पण ती कुलपात नीट बसतेच असं नाही. मग जोडीदाराला ओढायला सांगा: सरळ वर, मागे, बाहेरच्या बाजूला, आणि पिळून. लेव्हल १ चं होल्स्टर इथे फसलं तर बहुतेक वेळा दोष स्क्रू सैल असण्याचा किंवा पट्टा लेचापेचा असण्याचा निघतो.

भांडण कुठे येतं ते आता. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की गनवाले एका बाजूला आणि गनविरोधक दुसऱ्या बाजूला. टेक्ससमध्ये सर्वांत कडवट वाद गनवाल्यांच्या आपसातच होता. हातात रायफल घेऊन फिरायला तिथे परवाना कधीच लागत नव्हता. पिस्तूल मात्र १८७१ पासून उघडपणे नेता येत नव्हतं, आणि जानेवारी १९९६ पासून परवाना काढून झाकून नेता येऊ लागलं. पिस्तूल उघडं नेऊ देत नाही तर आम्ही रायफली घेऊन येतो, असं म्हणत ‘ओपन कॅरी टेक्सस’ची मंडळी २०१३-१४ मध्ये एआर-१५ पाठीला लावून रेस्टॉरंटमध्ये शिरू लागली. परिणाम उलटा झाला. मे २०१४ मध्ये चिपोटले या रेस्टॉरंटच्या साखळीने आणि जुलैमध्ये टार्गेट या दुकानांच्या साखळीने गिऱ्हाइकांना जाहीर विनंती केली: गन घेऊन येऊ नका. खुद्द गनवाल्यांच्या नॅशनल रायफल असोसिएशनच्या (एनआरए) संकेतस्थळावर या प्रकाराला ‘विचित्र’ म्हणणारा मजकूर आला. काहींनी एनआरएची सदस्यपत्रं कापून फोटो टाकले, आणि चार-पाच दिवसांत संघटनेने तो मजकूर एका कर्मचाऱ्याची चूक ठरवून माघार घेतली.

२०१५ मध्ये ओपन कॅरीचं एचबी ९१० विधेयक आलं तेव्हा आठ लाखांहून जास्त परवानाधारकांमधल्या जुन्या मंडळींचे आक्षेप होते आणि ते बहुतेक व्यवहाराचे होते. पहिला: दिसणारी गन म्हणजे हल्लेखोराला आधी कुणाला गाठायचं ते सांगणं. दुसरा: कुणीतरी हिसकावेल. तिसरा, आणि निदान अर्धा खरा ठरलेला: दुकानदार घाबरून पाट्या लावतील आणि त्या पाट्यांत झाकून नेणाऱ्यांचंही वाटोळं होईल. टेक्ससच्या दंडविधानात ३०.०६ ची पाटी म्हणजे परवानाधारकाने झाकूनही आणू नये, ३०.०७ ची पाटी म्हणजे उघडी आणू नये; इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही भाषांत, किमान एक इंच उंचीची अक्षरं. व्हाटाबर्गर या बर्गरच्या साखळीने जुलै २०१५ मध्येच उघड्या गनला नकार कळवला. एच-ई-बी या किराणा दुकानांच्या साखळीने झाकलेली चालेल, उघडी नको, असं धोरण ठेवलं. २०१९ मध्ये एल पासोच्या गोळीबारानंतर वॉलमार्टनेही उघडी गन आणू नका अशी विनंती केली. म्हणजे कायदा मिळाला आणि किराणा आणायला त्याचा उपयोग उरला नाही.

समर्थकांची बाजूही निव्वळ मिरवण्याची नव्हती. टेक्ससच्या उन्हाळ्यात गन झाकण्यासाठी शर्टावर शर्ट घालायचा, आणि वाऱ्याने टोक उडालं तर गुन्ह्याची भीती, हे त्यांना बोचत होतं. (२०१३ मध्ये ती तरतूद ‘जाणूनबुजून दाखवली तर’ अशी सैल झाली, तरी धाकधूक राहिली.) तिसरा गट म्हणत होता, परवानाच कशाला? त्यांच्या मनासारखं २०२१ मध्ये झालं. एचबी १९२७ ने २१ वर्षांवरच्या आणि अन्यथा अपात्र नसलेल्या माणसाला परवान्याविना पिस्तूल नेऊ दिलं.

इथे होल्स्टर पुन्हा मधे येतं. २०१५ च्या कायद्याने परवान्याच्या वर्गात एक विषय सक्तीचा केला होता: गन अडकवून ठेवणारं होल्स्टर आणि उघडी गन सुरक्षित बाळगण्याच्या पद्धती. वर्ग चार ते सहा तासांचा, पुढे ५० गोळ्यांची परीक्षा: तीन यार्डांवरून २०, सात यार्डांवरून २०, पंधरा यार्डांवरून १०, २५० पैकी १७५ ला पास. २०२१ नंतर जो परवाना काढत नाही, तो या वर्गात बसतच नाही. कुलूपवाल्या होल्स्टरची ज्याला सर्वांत जास्त गरज, त्यालाच त्याबद्दल सांगायला कुणी नाही. परवान्याच्या वादात आमचं मत काहीही असो, हा विषय गळायला नको होता.

हिसकावण्याच्या आक्षेपावर ६३७८ कितपत उत्तर आहे? अर्धं. समोरून किंवा बाजूने झपाट्याने हात घालणाऱ्याला ते थांबवतं. घर्षणावर चालणारं साधं कायडेक्सचं (कडक प्लास्टिकचं) होल्स्टर तिथे थांबवत नाही, कारण ते सरळ वर ओढलं की सुटावं म्हणूनच बनवलेलं असतं. पण मागे उभ्या असलेल्या, एएलएस माहीत असलेल्या माणसाचा अंगठाही त्याच लीव्हरवर पडू शकतो. लीव्हरभोवती बसणारी छोटी आडभिंत वेगळी विकत मिळते. उघड्यावर वापरणार असाल तर ती हवीच. जिथे खांद्याला खांदा लागतो तिथे, म्हणजे मोर्चा, जत्रा, रोडिओची रांग, ६३७८ पुरेसं नाही. तिथे ६३६०: तेच एएलएस, त्यावर फिरणारी टोपी, जी अंगठ्याने खाली दाबून पुढे लोटावी लागते. लेव्हल ३. ते अंगाला बाहेर येतं, खाली लोंबतं, गाडीत बसताना टोचतं. ज्याला तेवढा त्रास नको, त्याने गर्दीत गन झाकावी, आणि झाकायची तर हे दोन्ही सोडून पॅन्टच्या आतलं पातळ होल्स्टर घ्यावं. ६३७८ वर टी-शर्ट टाकला तर कंबरेला डबा बांधल्यासारखा फुगवटा दिसतो. ‘कन्सीलमेंट’ हा शब्द जॅकेट घालणाऱ्या प्रदेशासाठी आहे, ह्यूस्टनसाठी नाही.

रोजच्या वापरात बिघडतं ते असं.

काढताना गन अडकते. बहुतेक वेळा कारण एकच: लीव्हर पूर्ण मागे जायच्या आधीच हात वर ओढायला लागतो. वर ताण आला की कुलपाचा ठोकळा खिडकीच्या कडेला घट्ट दाबला जातो आणि मग लीव्हर हलत नाही. उपाय: क्रम शिका. मूठ खाली दाबून पक्की पकड, अंगठा मागे, मग वर. रिकाम्या गनने रोज वीस-पंचवीस वेळा, सावकाश, दोन आठवडे. वेग आपोआप येतो. हातमोजे घालत असाल तर त्यासकट सराव करा.

आत ठेवल्यावर ‘खट्’ येत नाही. तळाशी खडा किंवा सुकं पान असतं, किंवा अर्धवट ढकललेलं असतं. ठेवल्यावर मूठ एकदा खाली दाबायची, मग लीव्हरला हात न लावता हलकेच वर ओढून बघायचं. ही सवय लागली नाही तर लेव्हल १ चं होल्स्टर लेव्हल शून्य होतं, आणि मालकाला पत्ता नसतो.

ठेवताना शर्टाचं टोक आत जातं. हे सर्वांत धोक्याचं. ट्रिगरच्या कडीत कापड अडकलं आणि वरून गन दाबली की गोळी सुटू शकते. म्हणून काढायला घाई चालेल, ठेवायला नाही. डाव्या हाताने शर्ट वर धरा, खाली बघा, बोट स्लाइडवर सरळ ठेवा, आणि जरा जरी अडलं तर जोर लावू नका, बाहेर काढून बघा.

स्क्रू सैल होतात. चालण्या-बसण्याच्या हिसक्यांनी तीन स्क्रू हळूहळू फिरतात. पहिल्या महिन्यात आठवड्याला एकदा तपासा. होल्स्टर बसवून झाल्यावर एकेक स्क्रू काढून त्याच्या आट्यांना निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एक थेंब, परत घट्ट, आणि रात्रभर तसंच ठेवा. लाल वापरू नका. तो तापवल्याशिवाय सुटत नाही आणि तापवलं की कवच वाकतं. थ्रेडलॉकर प्लास्टिकवर सांडू देऊ नका, त्याने चिरा पडू शकतात.

घाम. स्वेडचं अस्तर गनच्या रंगाला जपतं, पण ओलावा धरून ठेवतं. गल्फच्या किनाऱ्यावर दिवसभर वापरलं तर संध्याकाळी गन बाहेर काढून स्लाइड पुसायची आणि होल्स्टर पंख्याखाली ठेवायचं. वाळू-चिखल गेला तर कोमट साबणपाणी, मऊ ब्रश, सावलीत वाळवणं. कुलपात तेल सोडू नका. तेलावर धूळ बसते आणि लीव्हर जड होतो. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर होल्स्टर विसरू नका, गरम होऊन आकार बदलला की कुलूप आणि खिडकी जुळत नाहीत.

गाडीत उजव्या हाताच्या माणसाची पंचाईत होते, कारण अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडे बसतो आणि सीटबेल्टचं बकल नेमकं उजव्या कंबरेपाशी येतं. पट्टा होल्स्टरच्या वरून न घेता मुठीच्या खालून, मांडीला लागून घ्या. नाहीतर उतरताना बकल लीव्हरवर आपटतो आणि पट्टा मुठीत अडकतो. पोटासमोर बारा धरले तर घड्याळाच्या तीनच्या जागेऐवजी साडेतीन-चारवर होल्स्टर सरकवलं तर बसायला बरं पडतं, पण उभं असताना गन मागे, नजरेच्या बाहेर जाते. उघड्यावर बाळगताना तीनच बरं: कोपर शरीराला टेकवली की गन हाताखाली येते, आणि रांगेत मागचा माणूस जवळ आला तर कोपरानेच कळतं.

टेक्सस-फ्लोरिडातल्या मराठी वाचकांसाठी एक गोष्ट, कारण दुकानदार विचारेलच असं नाही. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने गन आणि काडतुसं दोन्ही बाळगायला बंदी आहे. शिकारीच्या वैध परवान्यासारखे मोजके अपवाद सोडून. राज्याने परवाना काढून टाकला म्हणून ही बंदी उठत नाही. ग्रीन कार्डवाल्यांना ती लागू नाही. होल्स्टर कुणीही विकत घेऊ शकतो, त्यामुळे ‘होल्स्टर दिलं म्हणजे चालत असेल’ असा समज करून घेऊ नका.

पाटीबद्दलही तसंच. ३०.०७ ची पाटी न बघता आत गेलात तर दोनशे डॉलरपर्यंत दंड. मालकाने तोंडी सांगूनही बाहेर पडला नाहीत तर प्रकरण तुरुंगाच्या शक्यतेपर्यंत जातं. पाटी दिसल्यावर दारात उभं राहून गन काढून ठेवणं हा मार्ग नाही. गाडीत बसा, दार लावा, होल्स्टरसकट काढा. पॅडलची बाजू घ्यायची झाली तर याच एका कारणासाठी: दिवसाला चार दुकानं आणि दोन पाट्या असतील, तर बेल्ट लूपवाला माणूस गाडीत पट्टा सोडत बसतो, आणि कंटाळून नुसती गन बाहेर काढतो. नकळत गोळी सुटायला असाच क्षण पुरतो.

मागवताना मॉडेलनंतरचे आकडे नीट वाचा. ग्लॉक १७ ला ८३, ग्लॉक १९ ला २८३. शेवटी ४११ म्हणजे काळं, उजव्या हाताचं, ४१२ म्हणजे डाव्या हाताचं. गनला दिवा लावला असेल तर त्या दिव्याच्या नावासकट वेगळा नंबर असतो, आणि रेड डॉट असेल तर साधं ६३७८ चालत नाही, त्यासाठीची वेगळी आवृत्ती लागते. नंबर चुकला तर गन आत जाते, छान बसल्यासारखी दिसते, फक्त ‘खट्’ येत नाही. ते होल्स्टर कानस मारून जुळवत बसू नका, परत पाठवा.